मेडिकलसाठी देव नसलेली जागा

सुगत रामटेके माझ्या घराच्या पुढच्या खोलीत औषधाचं दुकान चालवत होता. त्याच्या आणि आमच्या मध्ये एक भिंत. त्याच्या शटरचा आवाज आला की माझी बायको आनंदाबाई चहा टाकायची. एवढं असून, हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला त्याच्याबद्दल फारच थोडं ठाऊक आहे. त्याला भाऊ-बहिणी किती, तो शिकला कुठे, दुकान बंद करून घरी गेल्यावर काय करत असेल, यातलं काही मी कधी विचारलं नाही. त्याच्या बायकोचं नाव रीना आहे हे मला तो गाव सोडून गेल्यावर कळलं. मी बोलका माणूस नाही. सगळा जन्म राईस मिलच्या मोटारीजवळ गेला. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, मग बोलायची सवयच राहत नाही. लिहिण्याचं तर विचारूच नका. हेही बरोबर जमेल असं वाटत नाही.

तरी लिहितो, कारण गावात आता भलतंच ऐकू येतं. परवा एक जण पाहुण्याला सांगत होता, "आमच्या इथं मेडिकल होतं ना, पण तो गांजा विकून राहिला होता. म्हणून हाकललं त्याले." सांगणारा स्वतः त्याच दुकानातून पोरीच्या तापाचं औषध नेत असे. पाहुण्याने "असं का" म्हणून मान हलवली. माझं डोकं तापलं, पण तोंडावर बोलणं जमलं नाही. म्हणून हा कागद.

आमचं गाव आंधळगावच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली. गावात औषधाचं दुकान कधी नव्हतं. ताप आला तर आंधळगाव, जास्त झालं तर भंडारा. सुगत कारध्याचा. एक दिवस मोटरसायकलवर आला आणि माझी खोली भाड्याने मागितली. मी विचारलं, "आमच्याच गावात काहून?" तो म्हणाला, "इथं नाही आहे म्हणून, काकाजी." मला ते उत्तर आवडलं. औषधाच्या दुकानाला ठरावीक जागा लागते, ती माझ्या खोलीत थोडी कमी भरत होती. आनंदाबाईने धानाची ढोली मागच्या खोलीत सरकवली आणि जागा पुरी झाली. भंडाऱ्याहून औषध खात्याचे साहेब आले, त्यांनी खोली मोजली, फ्रीज पाहिला, सुगतचं प्रमाणपत्र पाहिलं आणि परवाना मिळाला. तेव्हा कोणी विचारलं नाही की दुकानाच्या आजूबाजूला देव कोणते आहेत.

माणूस शिस्तीचा होता. इतका की लोकांना राग यायचा. पाकिटातल्या चार गोळ्या कापून द्यायच्या तर तो अशा बाजूने कापायचा की तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत दुकानात राहावा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काही औषधं देतच नसे. तेजराम पाटील एकदा ओट्यावर उभा राहून ओरडला, "मेडिकल टाकलं अन् दवाई देत नाही! मंग कायले बसला, फोटो काढायले?" सुगत म्हणाला, "दादा, चिठ्ठी आणा, दुप्पट खुशीनं देतो." तेजराम रागारागाने आंधळगावला गेला, तिथून चिठ्ठी न दाखवता गोळ्या घेऊन आला आणि येता येता त्या सुगतला दाखवून गेला. सुगतने पाकीट हातात घेऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "हे जेवल्यावर घ्या."

आता मंगरूची गोष्ट. मंगरू ढिवर, तलावात जाळं टाकणारा. तोंडाच्या कॅन्सरने त्याचा अर्धा जबडा नागपूरच्या डॉक्टरांनी काढला होता. सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा त्याने पोरवयापासून खाल्ला, आमच्याकडे सगळेच खातात. ऑपरेशननंतर त्याचं दुखणं काही केल्या थांबत नव्हतं. गोळ्या घेतल्या की ओकायचा. शेवटी कोणीतरी त्याला नागपूरच्या एका आयुर्वेदाच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्या डॉक्टरने जिभेखाली टाकायचं एक तेल लिहून दिलं. विजया तेल. विजया म्हणजे भांग. हे औषध चिठ्ठीवर विकता येतं, कंपनीजवळ परवाना असतो, बिल लागतं, असं सुगतने मला सांगितलं होतं. कायदा मला कळत नाही, त्याने सांगितलं तेच लिहितो. त्याने भंडाऱ्याच्या ऑफिसात जाऊन आधी विचारलं, मग बाटल्या मागवल्या.

मंगरूचं दुखणं त्या तेलाने गेलं नाही. पण तो झोपायला लागला. भाताची पेज पिऊ लागला. त्याची बायको दुकानात येऊन सुगतला "डाक्टर" म्हणायची आणि तो दर वेळी सांगायचा, "बाई, मी डाक्टर नाही आहो." ती म्हणायची, "बरं डाक्टर."

त्या तेलाच्या डब्यावर भांगेच्या पानाचं चित्र होतं. तेवढ्याने सगळं बिघडलं.

विक्की हा आमच्या वॉर्डाचा ग्रामपंचायत सदस्य. तरुण आहे, हातात कायम मोबाईल. डोकेदुखीची गोळी घ्यायला आला, फळीवर डबा दिसला, फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावात गांजा! पालकांनो, जागे व्हा.' आमच्या घरात मोबाईल बायकोजवळ असतो. ती म्हणाली, "आपल्या ओसरीचा फोटो आला आहे जी. शटर दिसते, आपली तुळसही दिसते."

आता गावाचा एक जुना ठराव आहे, तो सांगायला पाहिजे. आमच्या सरपंच सत्यभामाबाई. मोहफुलाच्या दारूच्या हातभट्ट्या या बाईने हातात काठी घेऊन फोडल्या आहेत. मला तिचा आदर आहे. त्याच वेळी ग्रामसभेत ठराव झाला होता की नशेचा कोणताही पदार्थ विकणारं दुकान शाळा, विहार, मंदिर किंवा कोणत्याही देवस्थानापासून शंभर मीटरच्या आत असू नये. ठराव दारूसाठी होता. पण त्यात दारू हा शब्दच नव्हता, 'नशेचा कोणताही पदार्थ' असं होतं. ज्याने कोणी लिहिला त्याला ते जास्त कडक वाटलं असेल.

ग्रामसभा भरली. विक्कीने मोबाईल उंच धरला.

"हे कायचं पान आहे? सांगा सगळ्यायले."

सुगत उभा राहिला. "आयुर्वेदात विजया म्हणते."

"अन् आपल्या भाषेत?"

"भांग."

"झालं! लिहून घ्या ग्रामसेवक साहेब, त्यानं कबूल केलन."

"कबूल कायले करू?" सुगत म्हणाला. "डब्यावरच लिहून आहे. लपवलं कोणं?"

मग ग्रामसेवकाने ठराव वाचला. सुगतने विचारलं, "साहेब, खोकल्याच्या एखाद्या औषधानंही गुंगी येते. झोपेच्या गोळीनं येते. ते काय करू?" ग्रामसेवक बिचारा दोन्ही बाजूंनी अडकलेला. म्हणाला, "ठरावात कोणताही पदार्थ असं आहे. मी काय करू?" म्हणजे अर्धं दुकानच ठरावात बसत होतं.

मी ग्रामसभेत कधी बोललो नव्हतो. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "शाळेच्या भिंतीले खर्ऱ्याची टपरी लागून आहे. तिचंबी मोजा मंग."

सगळे हसले. खिडकीशी बसलेल्या देवाजीच्या गालात खर्रा होताच, तो एका बाजूला सारत म्हणाला, "भैयाजी, खर्रा का नशा आहे का? खर्रा त खर्रा आहे बाप्पा." आणि खिडकीतून पचकन थुंकला. मी खाली बसलो. ज्या खर्ऱ्याने मंगरूचा जबडा गेला तो नशा नाही, आणि ज्या तेलाने त्याला झोप लागते ती नशा. हे माझ्या डोक्यात होतं, पण इतकं लांब वाक्य चार लोकांत मला बोलता आलं नसतं. काही जणांच्या पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणाने, रामटेके आडनावाचा माणूस भर गावात गल्ल्यावर बसतो म्हणून. ते कोणी बोललं नाही. ठरावात ते लिहिता येत नाही ना.

ठरलं असं की दुकान बंद करायचं नाही, फक्त हलवायचं. शंभर मीटरचा नियम जिथे बसेल तिथे. तोवर शटर खाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक टेप घेऊन आला. मागे अर्धं गाव. माझ्या खोलीपासून हनुमानाचं मंदिर जवळच निघालं, ते माहीतच होतं. बस थांबते तिथे शाळा आडवी आली. बाजाराच्या जागेवर कडुनिंबाखाली मातामाय. ग्रामपंचायतीचा स्वतःचा रिकामा गाळा आहे, तिथे लोक म्हणाले मोकळं आहे. सुगत स्वतः म्हणाला, "विहार राहिला ना साहेब. तिकडूनबी मोजा, नाही त उद्या म्हणान, ह्याचं आपलं आहे म्हणून सोडलं." मोजलं. विहार आत आला. मला त्याचा राग आला. गप्प राहिला असता तर चाललं असतं. पण तो तसाच होता, तारखेचा तुकडा शेवटपर्यंत ठेवणारा.

मग माझ्याच डोक्यात बंद राईस मिल आली. माझं सगळं आयुष्य तिथे गेलं. पक्की इमारत, वीज आहे, रस्त्यावर आहे. ग्रामसेवकाने चारी बाजूंनी टेप लावला. शाळा दूर, विहार दूर, हनुमान दूर, मातामाय दूर. सुगतने आत जाऊन पावलांनी जागा मोजली आणि बाहेर येऊन हसला. तो असा दात दाखवून हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाला, "काकाजी, फ्रीज तिथं कोपऱ्यात बसते. ओटा मात्र बांधा लागन, लोकं बसतीन कुठं?" मालक नागपूरला असतो, तोही फोनवर हो म्हणाला.

सकाळी मी तिकडे गेलो तर मिलच्या दाराशी गर्दी. दाराजवळ एक मोठा काळा दगड आहे. त्याला शेंदूर लागला होता. ओला, ताजा. एक नारळही फुटला होता.

तो दगड मला ठाऊक आहे. पाया खोदताना निघाला म्हणून बाजूला टाकला होता. दुपारी त्यावर बसून मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला. शेंदूर कोणी लावला ते मला माहीत नाही, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव लिहिणार नाही. मी लोकांना म्हटलं, "हा देव नाही, हा दगड आहे. मी ह्याच्यावर बसत होतो." एक म्हातारी कानावर हात ठेवून म्हणाली, "म्हणूनच त मिल बंद पडली!" ग्रामसेवक टेप गुंडाळत म्हणाला, "भैयाजी, एकदा शेंदूर लागला की मी त्याले दगड म्हणू शकत नाही. माही बदली होऊन जाईन." घरी आलो तर आनंदाबाईने दारातच विचारलं, "तुमी देवावर बसून जेवत होते का जी?" माझीच बायको.

शेवटी कोणीतरी तलावाच्या सांडव्यापलीकडची तेजरामची बांधी सुचवली. धानाच्या चिखलात औषधाचं दुकान! पावसात तिथे बैलही उभा राहत नाही. तरी सुगत आला. म्हणाला, "साहेब, शेतजमिनीत मले परवाना भेटत नाही. भंडाऱ्याचे साहेब पक्कं दुकान पाह्यतीन. गाव म्हणते गावात नको, परवाना म्हणते शेतात नको."

"पण शंभर मीटर त बसते ना?" विक्की म्हणाला.

तेवढ्यात बायजाबाई नावाची म्हातारी, जिची बांधी शेजारीच आहे, लांबून ओरडली, "अरे, तिकडे कायले मोजता? माह्या धुऱ्यावर वाघदेव आहे!"

आणि खरंच होता. बांधावर पळसाखाली, एक फूटभर उंच. टेप लावायचीही गरज नव्हती.

सुगत हसू लागला. त्याला आवरेना. "म्हणजे मले देव नसलेली जागा पाह्यजे," तो म्हणाला, "अन् तुमच्या गावात ती नाही आहे." मग ग्रामसेवकही हसला. मला काही हसू आलं नाही.

शटर खालीच. मंगरूची बाटली संपली. सुगतने नवी बाटली मंगरूच्या पोराला भंडाऱ्याहून आणायला सांगितली, पण पोरगा मजुरीवर, जाणार कधी? मंगरूची बायको सत्यभामाबाईच्या दारात जाऊन बसली. काही मागितलं नाही, नुसती बसली. शेवटी बाई तिच्या मागोमाग मंगरूला पाहायला गेली. तिने काय पाहिलं ते मला ठाऊक नाही. पण येताना ती माझ्या ओट्यावर थांबली, बंद शटरकडे पाहत म्हणाली, "मी दारूसाठी लढली होती भैयाजी. याच्यासाठी नाही. ठराव दुरुस्त करू. 'डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध सोडून', एवढंच त घालायचं आहे."

मला वाटलं, सुटलं. एवढे चार-पाच शब्द.

पण ठराव ग्रामसभेने केलेला, दुरुस्तीही ग्रामसभेनेच करायची. सभा लावली ती नेमकी धानाच्या रोवणीच्या दिवसांत. आमच्याकडे रोवणी लागली की गाव सकाळी चिखलात उतरतं ते अंधार पडल्यावरच वर येतं. परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवलेले, पाणी बांधीत भरलेलं, ते सोडून कोण सभेला येईल? सतरंजीवर मी, सुगत, सत्यभामाबाई, ग्रामसेवक आणि दोन म्हातारे. एक म्हातारा झोपलेला. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली.

तहकूब सभेला कोरम लागत नाही, असं ग्रामसेवकाने सांगितलं. मला आनंद झाला. मग त्याने पुढचं सांगितलं, की तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही. आणि दुरुस्तीचा विषय नोटिशीवर छापायचा राहून गेला होता. तिथे 'आयत्या वेळचे विषय' एवढंच होतं.

"राहून कसा गेला?" सत्यभामाबाईने विचारलं.

"बाई, मीबी रोवणीवर होतो," तो म्हणाला. त्याची चिखलाने भरलेली चप्पल दाराशीच होती. त्याच्यावर रागावताही येईना.

"पंधरा ऑगस्टच्या सभेत घेऊ," बाई म्हणाली.

सुगतने हात जोडले. "सरपंचबाई, तुम्ही आल्या, लई झालं. पण फ्रीजमधलं इन्सुलिन पंधरा ऑगस्ट ओळखत नाही. माणूस तरी वाट पाहते, औषध पाहत नाही."

साकोलीत हायवेवर त्याच्या ओळखीचा एक जण भागीदार शोधत होता. तो थांबायला तयार नव्हता. सुगतने हो म्हटलं. त्या दुकानाच्या शेजारच्या गाळ्यात बिअर बार आहे, असं आनंदाबाईने नंतर कुठून तरी ऐकलं. मी पाहायला गेलेलो नाही.

पंधरा ऑगस्टला ठराव दुरुस्त झाला. सगळ्यांनी हात वर केले, विक्कीनेही. टाळ्या वाजल्या. दुकान नव्हतं, पण ठराव एकदम बरोबर होता. मंगरू त्याआधीच गेला. शेवटच्या दिवसांत तो ओरडायचा ते पाळीवरून ऐकू यायचं. त्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. आता पंचायतीने नोटीस लावली आहे की गावात मेडिकल टाकायला इच्छुकांनी संपर्क करावा. अजून कोणी आलेलं नाही. येईल तो आधी विचारेल, पहिला का गेला? आणि त्याला कोणीतरी सांगेल, गांजा विकत होता.

सुगत गेला तो दिवस साधाच होता. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोवर फळ्या, फ्रीज आणि खोके चढले. गाडी पुढे गेली. तो मोटरसायकल घेऊन मागे थांबला, शटर लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

तो म्हणाला, "काकूची बीपीची गोळी आंधळगावले भेटन. नाव वेगळं राहिलं त आतलं औषध अन् एमजी पाहून घ्या."

"पाहीन."

"अन् सकाळचीच आहे ती. रात्री नका देऊ."

"नाई देत."

त्याने हेल्मेट घातलं, मग काच वर केली. "जेवण झालं का, काकाजी?"

"नाई. आता बसतो."

"बसा मंग," तो म्हणाला.